गच्चीत हसायचं नाही

भाड्यानं जागा बघायला गेलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारतात, याचा दिल्लीतल्या पहिल्याच महिन्यात आम्ही पुरेपूर अनुभव घेतला होता. मांसमच्छी खाता का, पाहुणे फार येतात का, पाणी किती लागतं, बदली कधी होणार. पण "हसून दाखवा" असं आम्हाला फक्त बाईंनी सांगितलं.

"हसून?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"हसून. दात दिसतील असं."

ह्यांचे पुढचे दोन दात जरासे बाहेर. लग्नाच्या फोटोतसुद्धा हे ओठ मिटून बसलेत. पण अडला हरी, काय करतील. ह्यांनी ओठ फाकवले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, जवळ आल्या आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसे ह्यांचे दात पाहिले.

"पुढं आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दिवसभर ऑफिसात. चालेल. आता तू."

मी म्हणजे कोण, तर खांद्यावर चार महिन्यांची पोर, गारठ्यानं लाल झालेलं नाक आणि सकाळपासूनची पायपीट. समोर ही उंच, सडसडीत बाई, पांढऱ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मला भीती वाटली. आणि माझी लहानपणापासूनची खोड अशी, की भीती वाटली की मला हसू येतं. येतं म्हणजे आवरत नाही. शाळेत इन्स्पेक्टर आले तेव्हा आलं, लग्नात अंतरपाट धरला तेव्हा आलं, तसं तेव्हाही आलं. दात तर दिसलेच, पण हसू काही थांबेना.

"ही फार हसते," बाई ह्यांना म्हणाल्या.

"हसरी नाही हो ती. घाबरली की हसते."

"मग तर आणखीनच वाईट."

झालं, ही जागाही गेली, असं म्हणून हे पिशवी उचलायला लागले. तेवढ्यात पोर जागी झाली. तिनं बाईंकडं टकामका पाहिलं आणि बोळकं पसरून हसली.

"ही चालेल," बाई म्हणाल्या. "हिचं बोळकं आहे. हिच्या नावानं देते जागा. तुम्ही दोघं हिच्याबरोबर राहा."

बाई म्हणजे मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून ओळखीच्या सगळ्या मराठी मंडळींत त्या 'बाई'. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी वाईहून दिल्लीला आल्या. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, त्या राहिल्या. घर रिजच्या कडेला होतं. रिज म्हणजे दिल्लीच्या पोटात पसरलेलं काटेरी रान. घराच्या मागच्या भिंतीशी कॉलनी संपायची आणि कीकरची, म्हणजे बाभळीची, झाडं सुरू व्हायची. खाली बाई राहायच्या आणि वर गच्चीतल्या एका खोलीत आम्ही. अशा खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. एक खोली, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि समोर ही एवढी मोकळी गच्ची. गच्ची बघून मी हरखले होते. ती कुणाची आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बाईंनी वर येऊन आम्हाला उभं केलं आणि शिकवलं. गच्चीत माकडं येणार. लाल तोंडाची. त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, पळायचं नाही, किंचाळायचं नाही आणि मुख्य म्हणजे दात दाखवायचे नाहीत. आपण हसतो, पण माकडाला वाटतं, हा दात विचकून अंगावर येतोय. मग ते आधी येतं.

"म्हणून गच्चीत हसायचं नाही," त्या म्हणाल्या. "काय हसायचं ते खोलीत जाऊन, कडी लावून हसा."

हे माझ्याकडं बघून हसले. बाईंनी ह्यांच्याकडं असं पाहिलं की ह्यांनी ओठ मिटले, ते बाई खाली जाईपर्यंत उघडले नाहीत.

बाईंच्या उजव्या मनगटाच्या वर एक जुना वण होता, चांगला बोटभर लांब. दिल्लीतल्या त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यात एका माकडानं नवऱ्याची टोपी पळवली, डोक्यावर चढवली आणि ते कठड्यावर बसलं. बाई तेव्हा तरुण. त्या खो खो हसल्या. पुढं पोटात इंजेक्शनं घेता घेता त्यांनी ठरवलं, की पुरे झालं हसणं. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती तिखटमीठ लावलेली वाटली. पण एक खरं, की त्या घरात राहिलो तेवढ्या काळात बाईंना हसताना मी पाहिलं नाही. विनोद कळला तर त्या मान हलवून "बिल्कुल" म्हणायच्या.

कॉलनीतल्या बायका त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांना हसायच्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. "हसतील त्यांचे दात दिसतील," त्या म्हणायच्या. आपल्याकडं ही म्हण कुणीही म्हणतं, हसणाऱ्यांना हसू दे, आपलं काय जातं, अशा अर्थानं. बाईंच्या तोंडी तो सरळ धोक्याचा इशारा असायचा.

त्यांचा आवाज कवायतीचा. जिन्याखालून "सावधान" म्हणाल्या तर समोरच्या घरातला माणूस चहाचा कप खाली ठेवायचा. मे महिन्यात आंधी यायची, म्हणजे धुळीचं वादळ. आकाश पिवळं व्हायचं आणि कपडे, खाट, बादल्या सगळं उडायला लागायचं. मग खालून हुकूम सुटायचा, "आधी पोर, मग खाट, मग कपडे. नवरा घरी असेल तर शेवटी." शिट्टी त्या माकडांवर क्वचितच वाजवायच्या. ती होती माणसांसाठी आणि कोकिळेसाठी. कोकिळेचा त्यांना माकडांहून जास्त राग. बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटलेली, वीज गेलेली, कूलर बंद, आणि कोकिळा कीकरवर बसून सुरू.

"हिला कामधंदा नाही," बाई म्हणायच्या. "पहाटेपासून एकच तक्रार." आणि जोरात शिट्टी फुंकायच्या. कोकिळा जरा थांबायची आणि मग वरच्या पट्टीत लागायची.

"बघ, उलट बोलते," बाई मला म्हणायच्या.

आवाजाला त्या घरात तोटाच नव्हता. पहाटे मोर ओरडायचे. मोर दिसतो देखणा, पण ओरडतो असा की वाटावं कुणाचं मूल विहिरीत पडलंय. दिवसभर पोपटांचा कलकलाट, दुपारी पत्र्यावर माकडांची धडधड. माझी पोर झोपेत दचकायची आणि मी तिच्याहून जास्त दचकायची.

माकडांच्या म्होरक्याला बाई हेडमास्तर म्हणायच्या. मोठा नर, रुंद छातीचा, एक कान फाटलेला. तो आला की बाई मान खाली घालून ओठांनी मच् मच् असा आवाज काढायच्या. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, म्हातारी दातात अडकलेलं काहीतरी काढतेय. पुढं विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्यात असं करतात. म्हणजे, माझं तुमच्याशी काही भांडण नाही."

"आणि त्याला कळतं?"

"आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना कधी कळलं नाही. ह्याला कळतं."

आता मूळ गोष्टीकडं येते. माझी पोर जन्मली तीच किरकोळ. अंगाला काही लागत नव्हतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिचे पाय दाबून पाहिले होते आणि सांगितलं होतं, हाडं कच्ची राहतायत, रोज तेल आणि रोज कोवळं ऊन, चुकवायचं नाही. दिल्लीत दाखवलं तर इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि वर म्हणाले, ही थंडी हिनं नीट काढली पाहिजे. बरसातीत ऊन यायचं नाही. भिंतींना हात लावला तर ओल लागायची. ऊन काय ते गच्चीत, आणि गच्ची माकडांची.

मी बाईंना विचारलं. त्यांनी पोरीचे पाय स्वतः दाबून पाहिले, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "ऊन पाहिजे. रोज काढ. एखाददुसरं माकड आलं तर घाबरू नकोस, तू शेजारी बस. फक्त मारुतीच्या वारी हिला बाहेर आणायचं नाही. त्या दिवशी अख्खं खानदान येतं."

मी बरं म्हटलं. मी साताऱ्याची. माझ्या मारुतीचा वार शनिवार. शनिवारी रुईचं पान, शनिवारी तेल. बाईंच्या मारुतीनं इतक्या वर्षांत वार बदललाय, हे मला कोण सांगणार? दिल्लीत हनुमानाचा वार मंगळवार. लोक मंगळवारी चणे आणि केळी घेऊन गच्चीत जातात आणि माकडांना बोलावून बोलावून खायला घालतात. आमच्या शेजारचे पंजाबी अंकल त्यात सगळ्यांच्या पुढं. पण हे सगळं मला नंतर कळलं, कारण आम्ही राहायला गेलो आणि धुकं पडलं.

धुकं म्हणजे साधंसुधं नव्हे. कठडा दिसायचा नाही. दुपारी बारालाही दिवे. माकडं रानातच गुरफटून बसलेली, मोर गप्प, आणि माझी पोर अंगीठीच्या, म्हणजे शेगडीच्या, धुरात खोकतेय. रोज उठायचं, दार उघडायचं, पांढरं बघायचं आणि बंद करायचं. तिची मांडी माझ्या दोन बोटांत मावायची. मी ती मापून बघायची आणि मग बघितल्याचा पस्तावा करायची. हे ऑफिसातून आल्यावर पहिलं विचारायचे, "आज पडलं का?" ऊन पडलं का, एवढाही पूर्ण प्रश्न विचारायची हिंमत नसायची.

मधे एका शनिवारी पडलं. चक्क. खालून बाईंनी हाक मारली, "अगं, ऊन पडलंय. पोरीला काढ की बाहेर."

मी मनात म्हटलं, अच्छा, परीक्षा बघताय होय माझी. का म्हातारी वार विसरली? मी दाराची कडी काढली नाही. पोरीला मांडीवर घेऊन काचेतून ऊन बघत बसले. त्या दिवशी गच्चीत एकही माकड आलं नाही. मला वाटलं, कुठंतरी लपलीत.

रविवार, सोमवार पुन्हा पांढरे गेले. मंगळवारी उठले तर खिडकीवर ऊन. मला रडूच यायचं बाकी होतं. हे ऑफिसला गेल्यावर मी खाट ओढून गच्चीच्या मधोमध आणली, गोधडी घातली, तेल कोमट केलं आणि पोरीला चांगलं रगडलं. अंगावर लंगोट आणि डोक्याला माझ्या आईनं शिवलेलं लाल टोपडं, हनुवटीखाली बंद बांधलेलं. ऊन अंगावर पडल्यावर ती इतकी खूष झाली की पाय झाडायला लागली. तिनं पाय असे झाडलेले मी दिल्लीत पहिल्यांदाच पाहत होते. मी उठले, दोन पावलांवर दोरी होती, तिच्यावर दुपटी टाकायला लागले.

तेवढ्यात पोपट गप्प झाले. एकदम सगळे. मग पत्रा धडधडला.

मी वळले. टाकीवर एक, कठड्यावर तीन-चार, शेजारच्या गच्चीतून आणखी येतायत, पोटाला पिल्लं धरलेल्या माद्या, गालात चणे भरलेली पोरंसोरं. आणि कठड्यावरून चालत हेडमास्तर आला. त्यानं खाली उडी घेतली, सावकाश खाटेपाशी गेला आणि वर चढून पोरीच्या पायांशी बसला.

मला सगळे नियम पाठ होते. मी पळाले नाही, किंचाळले नाही, त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. पोटातून ते हसू वर यायला लागलं. आता हसले तर तो बिथरणार, आणि बिथरला तर त्याच्या सगळ्यात जवळ माझी पोर. मी हातातलं ओलं दुपटं तोंडात कोंबलं आणि दातांनी घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खांदे हलत होते.

जिन्याच्या तोंडाशी बाई आल्या. पत्र्याचा आवाज ऐकून आल्या असणार. त्यांनी पाहिलं, त्यांचा हात शिट्टीवर गेला आणि तसाच खाली आला. शिट्टीनं तो दचकला असता तर त्याची नखं पोरीच्या अंगावरच गेली असती.

"तशीच राहा," त्या मला म्हणाल्या. कवायतीच्या आवाजात नाही. इतक्या हळू त्या बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. "तोंड उघडू नकोस."

मग त्या खाली बसल्या. साठी उलटलेली बाई त्या खरबरीत गच्चीवर गुडघ्यांवर बसली आणि मान खाली घालून खाटेकडं सरकायला लागली. ओठांनी मच् मच् चाललेलं. जरा सरकायच्या, थांबायच्या, मच् मच् करायच्या, पुन्हा सरकायच्या. हेडमास्तरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो तसाच बसून राहिला.

आणि पोर हसली. नुसती नाही, आवाज काढून, बोळकं पसरून, हातपाय उडवत. तिला मजा वाटत होती. तिला कुणी नियम शिकवले होते?

बाई जागच्या जागी थांबल्या. हेडमास्तर वळला. पुढं सरकला, वाकला आणि त्यानं आपलं तोंड पोरीच्या तोंडाजवळ नेलं. डोळे मिटावेत असं मला फार वाटत होतं, पण मिटत नव्हते. तिचं हसणं चालूच. त्यानं एक काळं बोट तिच्या खालच्या ओठावर ठेवलं आणि ओठ जरा खाली केला. आत पाहिलं. बाईंनी आमचे दात पाहिले होते तसंच अगदी. त्याला तिथं काही सापडलं नाही.

मग त्यानं टोपडं धरलं आणि ओढलं. बंद हनुवटीखाली बांधलेला. टोपड्याबरोबर पोरीचं डोकं वर आलं. हसणं थांबलं. त्यानं पुन्हा ओढलं, डोकं पुन्हा वर आलं आणि आता ती रडायच्या बेतात. बाई खाटेपाशी पोचल्या होत्या. मच् मच् न थांबवता, मान खालीच ठेवून, त्यांनी एक हात गोधडीवरून नेला. हेडमास्तरच्या हाताला लागून त्यांचा हात गेला. त्यांनी दोन बोटांनी बंदाचं टोक पकडलं आणि ओढलं. गाठ सुटली.

टोपडं त्याच्या हातात आलं. त्यानं ते हुंगलं, एकदा उलटं करून पाहिलं आणि कठड्यावर उडी घेतली. तो गेला तसे बाकीचे त्याच्यामागून गेले. बाई उठून खाटेवर आडव्या पडल्या, पोरीला अंगाखाली घेऊन, आणि गच्ची रिकामी होईपर्यंत तशाच राहिल्या.

माझ्या तोंडातलं दुपटं पडलं आणि मी हसायला लागले. मोठ्यानं, रडत रडत.

"आत," बाई म्हणाल्या. "आत जाऊन हस."

आत गेलो, कडी लावली. मी पोरीला छातीशी धरून किती वेळ हसत होते आणि किती वेळ रडत होते ते मला सांगता येणार नाही. बाईंचे दोन्ही गुडघे सोलवटून निघाले होते, पांढऱ्या साडीवर रक्त आलं होतं. मी हळद लावायला बसले. आणि मग आमचं जे भांडण जुंपलं ते विचारू नका.

"मी सांगितलं होतं की नाही, मारुतीच्या वारी हिला बाहेर आणायचं नाही?"

"मग मी शनिवारी नाहीच आणली, बाई. तुम्ही हाक मारलीत तरी नाही आणली."

"शनिवारचं काय मधेच? आज मंगळवार आहे."

"मंगळवार मारुतीचा? मारुतीचा वार शनिवार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"कुठलं शेंबडं पोर? साताऱ्याचं. इथल्या शेंबड्या पोराला विचार. मंगल म्हटलं की हनुमान. अख्खी दिल्ली आज चणे-केळी घेऊन..."

बोलता बोलता त्या थांबल्या. हळदीची वाटी माझ्या हातात तशीच.

"शनिवार," त्या म्हणाल्या. "हो गं. आमच्याकडंही शनिवारच होता. आई तेल घालायची." मग त्यांनी मला विचारलं, जणू काही मला माहीत असणार, "मी मंगळवार कधीपासून म्हणायला लागले?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. चुकलं कोणाचं, तर कोणाचंच नाही, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. त्या जिन्यानं खाली गेल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी.

त्यानंतर 'मारुतीचा वार' हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. 'त्यांचा मारुती' आणि 'आपला मारुती' म्हणायच्या. शनिवारी बाटलीत तेल घेऊन त्या देवळात जायला लागल्या. तिथला पुजारी म्हणायचा, बहनजी, मंगल को आइए. त्यांनी त्याच्यावर शिट्टी वाजवायचीच तेवढी बाकी ठेवली. शेजारच्या अंकलशी मात्र वाजलंच. ते म्हणाले, "बहनजी, पुण्य मिलता है."

"पुण्य आप लेते हो," बाई म्हणाल्या, "और काटते हमको हैं."

अंकल दुखावले, पण केळी घेऊन रिजच्या रस्त्याला जायला लागले.

आणि ऊन. पुढच्या दिवसापासून ऊन पडलं की बाई काठी घेऊन वर यायच्या, गच्चीत खुर्ची टाकून रानाकडं तोंड करून बसायच्या, आणि त्यांच्या पाठीमागं मी पोरीला तेल लावायची. सोलवटलेले गुडघे बरे व्हायला बरेच दिवस लागले, तरी जिना चढायच्याच. थंडी सरता सरता पोरीच्या मांडीला वळ्या पडायला लागल्या. होळीच्या सुमारास ती टेकून बसली. तेव्हाही बाई हसल्या नाहीत. "बिल्कुल," म्हणाल्या. उन्हाळ्यात तिला पहिला दात आला, तर मी पेढे घेऊन खाली गेले. बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं, गंभीर झाल्या.

"आता हिलाही नियम लागू," त्या म्हणाल्या.

पुढं आम्हाला सरोजिनी नगरला सरकारी क्वार्टर मिळालं. निघताना बाई गच्चीत उभ्या होत्या. "तिकडं रान नाही," त्या म्हणाल्या, "हसत जा." मी हसले नाही, कारण अजून गच्चीतच होतो.

जाणं-येणं होतं. मग कमी झालं, दिल्लीत होतं तसं. बाई थकल्या, घर विकलं आणि द्वारकेला भाच्याच्या फ्लॅटमध्ये गेल्या. भाच्याचा एकदा फोन आला, "येऊन जा, मावशीचं आता काही खरं नाही." मी आणि मुलगी मेट्रोनं गेलो. मुलगी नोकरीला लागलेली, ठणठणीत, माझ्यापेक्षा वीतभर उंच.

पाचवा की सहावा मजला. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलेली, जाळीबाहेर कबुतरं घुमतायत. जाळीजवळ खाट. एवढी उंच बाई चादरीखाली कुठं आहे ते शोधावं लागलं. टेबलावर वाटीत पाणी आणि पाण्यात कवळी. खाटेखाली कॅनव्हासचे बूट, टाचेला टाच लावून.

"फारसं ओळखत नाही कुणाला," भाचा हळूच म्हणाला.

मुलीनं पाया पडून त्यांच्यासमोर खुर्ची घेतली. बाईंनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"हसून दाखव," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट ऐकतच ती मोठी झालेली. ती छान हसली. बाईंनी मान पुढं करून पाहिलं.

"दात आहेत. जागा नाही मिळायची."

"पण आजी, मला तर तुम्ही ऑलरेडी दिली होती ना जागा," मुलगी म्हणाली. "मी बेबी होते तेव्हा."

बाई विचारात पडल्या. मग त्यांचे ओठ हलले.

"बोळकं," त्या म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडं वळली. "आई, बोळकं म्हणजे?"

इतक्या वेळा मी तिला गोष्ट सांगितली, पण दर वेळी 'तुला दात नव्हते' असं सांगितलं. हा शब्द माझ्या घरातून कधी गेला? मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. वर्गात करत असतील तसा. वण त्याच मनगटावर होता, मनगटच उरलं नव्हतं.

"हे," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. तोंड भरून, हिरड्या दाखवत, डोळे बारीक करून. त्या मंगळवारी खाटेवर पोर हसली होती तशाच. "हे बोळकं. आता हेडमास्तर आला तरी बिनघोर."

भाचा हसला, मुलगी हसली. मी त्यांच्या गळ्याची शीर बघत होते. हसण्याबरोबर ती उडत होती आणि मला कळलं की हे मी पहिल्यांदा बघतेय आणि पुन्हा बघणार नाही. आणि ते हसू वर यायला लागलं. मी पदर तोंडात धरला. खांदे हलायला लागले. भाच्याला वाटलं, मलाही मजा वाटतेय.

बाईंचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चांगलं ओळखून पाहिलं.

"घाबरलीस होय गं," त्या म्हणाल्या. त्याच हळू आवाजात, गच्चीत हेडमास्तरसमोर बोलल्या होत्या त्या. "पदर काढ तोंडातला. इथं जाळी लावलीय. हस तू."